पाण्यात आधी पाय

सोमवार, ३ मार्च

दादाचा फोन आला. सगळं आधीच ठरवून बोलत होता. "पावसाच्या आत बाबांना डोंगरावरून खाली आणायचं. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. चर्चा नको."

चर्चा नको म्हणणाऱ्या या भावाशी मी लहानपणापासून फक्त चर्चाच करत आलेय, म्हणून केली. ओढ्यावरचा पूल गेल्या वर्षी वाहून गेला आणि तो कोणी परत बांधेल असं दिसत नाही. बाबांच्या घरी जायचं तर गाडी ओढ्यात घालावी लागते, आणि आमची गाडी इतकी बुटकी की तिला डबकं दिसलं तरी घाम फुटतो. हिवाळ्यात बाबा पायरीवरून पडले, तेव्हा वरच्या शेळीवाल्या शेजाऱ्याने त्यांना पाठीवर घालून ओढ्यापार आणलं. दादा हे दर फोनला सांगतो. मी दर फोनला सांगते की दोष त्या झिजलेल्या चपलांचा होता, मी नव्या घेऊन दिल्यात.

आज मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "मी चारही चाकं ओढणारी फोर बाय फोर घेते. जुनी. रोज माझ्या दातांच्या दवाखान्यात तीच नेईन आणि बाबांनी बोलावलं की लगेच वर."

"तू? तुला साधी गाडी मागे घेता येत नाही."

"येते."

"मे संपेपर्यंत बघतो. नाहीतर मी टेम्पो घेऊन येतो, सामानासकट."

लगेच बाबांना फोन केला. त्यांनी आधी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दादाच्या त्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडते. मला तिथे नेलंत तर मी फार दिवस काढणार नाही, बरं का." बाबा असं कधी बोलत नाहीत. पुढे नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गाडी मी निवडणार. तू दात बघ, चाकं मी बघतो."

धरणाच्या खात्यात त्यांनी उभा जन्म ड्रायव्हरकी केली. हे काम त्यांचंच आहे.

शनिवार, ८ मार्च

शेळीवाल्याने बाबांना ओढा पार करवून बसमध्ये बसवलं. स्टँडवर मी अगदी समोर उभी होते, तरी हे मला ओलांडून पुढे निघाले. हाक मारल्यावर वळले. "विचारात होतो," म्हणाले. कसला विचार, तर गाडीचा. म्हातारपणी माणसाला कामाला लावलं की तो असा खुलतो. दादाला हे कधी कळणार?

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या मोठ्या आवारात बघितली. विकणारा केसांना तेल लावलेला, बोलण्यालाही लावलेलं. गाडी उंच, टायर माझ्या कमरेएवढे, टपावर दिव्यांची रांग. नवऱ्याचे डोळे चकाकले. मला वाटलं, ही रोज दवाखान्याच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेली तर छतच घेऊन बाहेर येईल.

बाबांनी गाडीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मान तिरकी करून, संशयी माणूस बघतो तसं बाजूने बघितलं आणि दाराखालच्या पत्र्यावरून बोटं फिरवली. चाकाच्या कमानीत कोपरापर्यंत हात घातला. मग मला म्हणाले, "मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढ. शेवटपर्यंत." ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळका चिखल होता.

"ही पुरात बुडाली होती," बाबा म्हणाले. "लोक गाडी धुतात, पट्टा कोणी धूत नाही."

तेलवाल्याने, आमचे वडीलधारी किती हुशार म्हणून तोंड भरून कौतुक केलं आणि दुसरी दाखवायला घेतली. ती बाबांनी नुसत्या आवाजावरून नाकारली. घरी येताना नवरा म्हणाला, "तुझे बाबा बघत कमी आणि चाचपत जास्त होते." मी म्हटलं, याला अनुभव म्हणतात.

गुरुवार, २० मार्च

नवऱ्याने चार गाड्यांचे फोटो पाठवले. मी बाबांना फोनवर पाठवले. उत्तर नाही. विचारलं तर म्हणाले, "फोटोत सगळीच स्थळं देखणी असतात." मला हसू आलं, पण तारखा सरकताहेत. आज एका पेशंटची दाढ काढताना माझ्या डोक्यात टेम्पो फिरत होता. त्याला भूल नीट चढलेली नव्हती. बिचारा ओरडला, मीही दचकले. ही गाडी मला वेड लावणार.

शनिवार, २९ मार्च

आजची गाडी माझ्या मनात भरली होती. एका शिक्षक जोडप्याची. निगा उत्तम, पत्रा आरशासारखा, गिअर आपोआप बदलणारे, थंड हवा, मागे बघायला कॅमेरा. चारही चाकांना जोर द्यायचा तर एक गोल बटण फिरवायचं, की समोरच्या पडद्यावर चित्र उमटतं. शहरात लोण्यासारखी पळाली. रोजच्या वापराला हीच. ओढ्यालाही पुरेशी उंच.

बाबा चालकाच्या जागी बसले. बोटं स्टिअरिंगसमोरच्या फळीवरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरली. सगळं गुळगुळीत. शिक्षकबाई कौतुकाने सांगत होत्या, "पडद्यावर हिरवं दिसलं की समजायचं चारही चाकं लागली." बाबा उतरले ते सरळ आमच्या गाडीत जाऊन बसले.

"काय खोट आहे तिच्यात?" मी विचारलं.

"बटणाने ओढा ओलांडत नसतात."

"बाबा, चालवणार मी आहे."

"अडीअडचणीला मलाही चालवावी लागेल की."

मी चिडले. जोडप्यासमोर पालथ्या घड्यावर पाणी वगैरे बोलले, ते बोलायला नको होतं. संध्याकाळी जेवताना बाबांनी भाजीऐवजी लोणच्याच्या बरणीत चमचा घातला आणि वाटीभर लोणचं वाढून घेतलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. माणूस दुखावला की त्याचं ताटात लक्ष नसतं. चूक माझी होती. झोपायला जाताना त्यांची माफी मागितली.

म्हणाले, "माझा हट्ट आहे खरा. पण एवढा एक चालवून घे."

शनिवार, १२ एप्रिल

मिळाली. आणि मला ती अजिबात आवडलेली नाही.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी. चौकोनी, राखाडी, दारांवर शिंगांचे ओरखडे, आत औषधाचा आणि गोठ्याचा मिळून वास. स्टिअरिंग इतकं जड की दोन गाड्यांच्या मध्ये लावायची तर आदल्या दिवशी तालीम करावी लागेल. मोठ्या गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा आहे, तो चारही चाकांचा. शिवाय पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक-एक खटका. दांडा ओढायच्या आधी खाली उतरून ते खटके हाताने फिरवायचे, नाहीतर दांडा नुसता शोभेचा.

बाबा आत बसले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. डोळे मिटून त्यांनी मोठा दांडा सगळ्या घरांतून फिरवला, मग आखूड. दिवा, काचेची पुसणी, भोंगा, कशालाच हात चाचपडला नाही. "खात्याची होती ती हीच," म्हणाले. "हिच्यात माझा हात कुठे जातो ते मला ठाऊक आहे."

डॉक्टरीणबाई खरं बोलणाऱ्या निघाल्या. "क्लच बदलावा लागेल. गंज मागच्या पायदानाला आहे, खालच्या सांगाड्याला नाही. आणि कोरड्या डांबरावर चारही चाकं लावून फिरू नका, वळताना तिची हाडं मोडतील." बाबा गाडीखाली पाठीवर झोपले आणि सांगाड्याच्या इंच न् इंच भागावर बोटं ठोकत गेले. बाहेर आले ते गंजाने तांबडे होऊन, पण खूश.

नवरा म्हणाला, "रोज हिच्यातून जाणार तू? हिच्यात साध्या सोयीसुद्धा नाहीत."

म्हटलं, "जाईन."

ते शिक्षकांचं बटण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पण बाबांना इतकं हसताना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

बुधवार, २३ एप्रिल

दंड दुखतात. तळघरातल्या खांबाला आज दुसऱ्यांदा घासली. रखवालदार मला बघितलं की आधी खांबाजवळ जाऊन उभा राहतो. सिग्नलला शेजारच्याने काच खाली करून विचारलं, "विकायची आहे का?" म्हटलं, विकायची असती तर घेतलीच नसती. सोसायटीत हिला म्हैस म्हणतात. नावाला जागते, दूध तेवढं देत नाही.

रविवार, ४ मे

बाबांना सोडायला म्हैस घेऊन पहिल्यांदा वर गेले. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच. तरीही बाबांनी त्यांचा कायदा काढला: पाण्यात आधी पाय, मग चाक. खात्यात असताना कितीही ओळखीचं पाणी असो, एक जण काठी घेऊन पुढे चालायचा, खड्डा-दगड बघायचा, आणि गाडी त्याच्या मागून त्याच वाटेने. आज शेळीवाला पुढे चालला, मी चालवली. निम्म्यात चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आखूड दांडा मी ओढला होता, खटके फिरवायला विसरले होते. बाबा उतरले आणि न बघता दोन्ही फिरवून आले.

"दात काढायच्या आधी भूल देतेस ना?" म्हणाले. "तसंच."

घरी त्यांनी चहा केला. कपाच्या काठावर बोट ठेवून ओततात, चटका बसेपर्यंत. म्हटलं, ही काय सवय? म्हणे, आईला आजारपणात काठोकाठ भरून दिलेला कप एकदा सांडला तेव्हापासून. खाली येताना आम्ही दोघी, म्हैस आणि मी, जराशा मैत्रिणी झालो होतो.

शुक्रवार, १६ मे

वर डोंगरात तीन दिवस पाऊस झालाय. वेळेआधीच. बाबा गेल्या आठवड्यापासून माझ्याकडे आहेत. दादाचा फोन: "शेळीवाला सांगतो, ओढा गुडघ्याला लागलाय. रविवारी मी तिथे काठावर येतोय. तुझी गाडी बाबांना घेऊन पार झाली तर परत तोंड उघडणार नाही. नाही झाली तर तिथूनच माझ्याकडे."

त्याला हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार! बाबांना सांगितलं तर शांतपणे म्हणाले, "ठीक." मला मात्र जेवण गेलं नाही. गुडघाभर वाहत्या पाण्यात मी कधी गाडी घातलेली नाही.

रविवार, १८ मे

अक्षर वाचता आलं तर नशीब.

दादा आधीच पोचला होता. ओढा गढूळ, तळ दिसत नव्हता, आणि पाण्याचा आवाज सारखा वाढतोय असं वाटत होतं. शेळीवाला पलीकडे अडकलेला. म्हणजे पुढे चालायला आम्हा तिघांपैकीच कोणीतरी हवं. दादाने कधी ओढ्यात पाय घातलेला नाही. माझी चालवायची हिंमत होईना, ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

बाबा म्हणाले, "तू काठी घे आणि पुढे हो. गाडी मी घेतो."

दादा म्हणाला, "बाबा, झेपेल?"

"तुझ्या वयाएवढा काळ मी पाण्यातून गाड्या काढल्यात."

त्यांनी खटके फिरवले, आत बसले, आखूड दांडा ओढला, काच पूर्ण खाली केली. मी पाण्यात उतरले तेव्हा म्हणाले, "हात दाखवत बसू नको. बोलत राहा. मोठ्याने, एकसारखं."

"काय बोलू?"

"काहीही बोल. दातांचं बोल. आणि काही झालं तरी मी मध्ये थांबणार नाही. थांबलं की चाकाखालची वाळू जाते आणि गाडी बसते."

मला वाटलं इंजिनापुढे त्यांना कमी ऐकू येतं. मी काठीने चाचपत निघाले आणि कॉलेजात पाठ केलेले दात मोठमोठ्याने म्हणायला लागले. पुढचा दात, बाजूचा दात, सुळा, पहिली उपदाढ. पाणी गुडघ्याच्या वर आलं. मागे म्हैस घरघरत होती. "उजवीकडे मोठा दगड आहे, डावीकडून या. दुसरी उपदाढ. पहिली दाढ." ती बरोबर डावीकडून आली. काठावरून दादा काहीतरी ओरडला, ऐकू आलं नाही.

अक्कलदाढेपर्यंत आले आणि पाय घसरला.

पाण्यात बसलेच मी, छातीपर्यंत. काठी गेली. थंडीने श्वास अडकला, आवाज फुटेना. आणि गाडी येतच राहिली. त्याच वेगाने, सरळ, माझ्यावर. मी वर बघितलं तर काचेमागे बाबांचा चेहरा. ते माझ्याकडे बघत नव्हते. मान तिरकी, कान खिडकीबाहेर, डोळे कुठेतरी डाव्या काठावर. मी त्यांच्या पुढ्यात पाण्यात बसलेय, आणि त्यांना मी दिसत नव्हते.

स्टँडवर असंच मला ओलांडून गेले होते.

"बोल," ते ओरडले. बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बोल ना, कुठे आहेस?"

कशी उठले ते आठवत नाही. पुढचा लोखंडी बंपर मला हात लावता येईल इतका जवळ होता. त्यावर मी तळहात टेकला आणि तशीच उलटी चालत राहिले. "इथे आहे, बाबा. समोरच आहे. हळू. जरा उजवीकडे. आणखी. आता सरळ, दगड संपले, वाळू आहे. या. या. या." मी रडत होते, पण पाण्यात कोणाला काय कळणार. पाणी गुडघ्याखाली गेलं, मग घोट्याखाली. चाकांखाली खडी वाजली.

बाबांनी गाडी थांबवली. "पोचलो का?"

"पोचलो."

पलीकडून दादा दोन्ही हात वर करून ओरडत होता, "हरलो रे बाबा! मानलं तुम्हाला!" त्याला वाटलं मी पाय घसरून पडले आणि उठले, एवढंच. टाळ्या वाजवत गाडीत बसला आणि गेला. आम्ही जिंकलो होतो.

बाबा स्टिअरिंग सोडत नव्हते. बोटं एक-एक करून मी सोडवली. म्हैस मी घरापर्यंत आणली. दार उघडलं, कोरडे कपडे घातले, चहा मी केला. मग विचारलं, "कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. मधोमध धूर बसलाय. बाजूचं थोडं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तू नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर दादाला सांगणार, दादा टेम्पो आणणार."

"आणि तरी तुम्ही गाडी निवडत बसलात?"

"निवडायला डोळे कशाला लागतात? चालवायला लागतात." कप खाली ठेवायला टेबल चाचपलं. "ते बटण मला सापडलंच नाही. म्हटलं, मला न बघता चालवता येईल अशी एकच गाडी आहे. एकदा दादासमोर ओढा पार करून दाखवला की संपलं."

मी खूप बोलले. नको ते सगळं बोलले. मला मारून टाकलं असतंत म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा धरून बारीकशी कीडसुद्धा शोधते, आणि माझ्याच घरात मला हे दिसलं नाही. नवऱ्याला दिसलं होतं. त्याला मी गप्प केलं.

सोमवार, १९ मे

पाणी रात्रीत उतरलं, पोटरीएवढं राहिलं. उठले तर बाबा अंगणात, पिशवी भरून तयार.

"चल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधी. मग दादाकडे. त्याला मीच सांगेन."

"बाबा, तो तर हरलाय. कोणी मागितलेलं नाही हे." मी काय बोलतेय तेही मला कळत नव्हतं. काल ओरडणारी मीच, आणि आज मलाच ते इथून जायला नको होते. "मी येत जाईन. रोज येईन. शेळीवाल्याला सांगू."

"काल तुझा आवाज बंद झाला," ते म्हणाले, "तेव्हा तू चाकापुढे आहेस की चाकाखाली, ते मला कळत नव्हतं. आणि मी थांबलो नाही. थांबायचं नाही असं ठरलं होतं म्हणून थांबलो नाही." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "दादाची खोली चालेल मला. भिंतीवरची खिडकी असली तरी मला आता काय फरक पडतो?"

हसायला सांगितल्यासारखे हसले. मला हसता आलं नाही.

दाराला नुसती कडी लावली. कुलूप नको म्हणाले, शेळीवाला लिंबांना पाणी घालायला येईल. मग ओढ्यापाशी आलो. मी खाली उतरून खटके फिरवले, आत बसले, आखूड दांडा ओढला. बाबा शेजारी बसले नव्हते. त्यांनी चपला काढून माझ्या मांडीवर ठेवल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि नवी काठी घेतली.

"बाबा, नको. मी जाते पुढे."

"तू चालव. इथले दगड माझ्या पायांना पाठ आहेत. पायांना कुठे धूर दिसतो?"

आणि उतरले. काठी, पाय, काठी, पाय. मी काच खाली करून मागून निघाले, पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्या पाठीवरची नजर न हलवता. मध्ये मोठ्या दगडापाशी ते थांबले, काठीने त्याला दोनदा ठोकलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच हात उजवीकडे केला. मी उजवीकडून घेतली. सांगितलं नव्हतं, तरी मी मोठ्याने बोलत होते, म्हणजे मी किती मागे आहे ते त्यांना कळत राहील. पुढचा दात, बाजूचा दात, सुळा.

पलीकडे पोचल्यावर त्यांनी चपला मागितल्या आणि म्हणाले, "म्हैस विकू नकोस. पावसाळ्याचं पाणी उतरलं की वर यायचंय."